जुन्या डिझेल क्वालिसचे कूलंट कमी होते आणि घाटात काटा चढतो: हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्याकडे २००३ सालची टोयोटा क्वालिस आहे. इंजिन मूळचेच, २४४६ सीसीचे, टर्बो नसलेले. कराड ते चिपळूण हा तिचा नेहमीचा रस्ता असल्यामुळे कुंभार्ली घाट तिला नवा नाही. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र चिपळूणहून परत येताना, गाडी माणसांनी भरलेली असली आणि एसी चालू असला, की घाटाच्या मधल्या टप्प्यात तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकू लागतो. घाटमाथा ओलांडला की तो हळूहळू जागेवर येतो आणि पुढे पाटणपासून कराडपर्यंत काहीही त्रास होत नाही.

याच काळात कूलंटही (इंजिन गार ठेवणारे द्रावणही) कमी होऊ लागले आहे. गाडीखाली डाग दिसत नाही. सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडले तर पाणी काठाच्या बरेच खाली गेलेले असते. बाजूची प्लास्टिकची बाटली मात्र भरलेली असते आणि कधीकधी तिच्यातून सांडल्याच्या खुणाही दिसतात. इंजिन ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ झालेले नाही. धूर नेहमीसारखाच आहे.

गॅरेजमध्ये दाखवल्यावर मिस्त्रींनी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेल्याचे सांगितले. हेड उतरवून फेसिंग करावे (त्याचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा) आणि तोपर्यंत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून गाडी चालवावी, असा त्यांचा सल्ला आहे. खर्च करण्याची माझी तयारी आहे, पण इतकी वर्षे न उघडलेले इंजिन खात्री नसताना उघडावे असे मनाला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सह्यवाट

बाहेर गळती नाही, पाणी कमी होते आणि घाटात गाडी तापते, ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर हेड गॅस्केटचीच शंका घ्यावी असे माझे मत आहे. माझ्या जुन्या डिझेल जीपमध्ये हेच घडले होते. पुढे पुढे सकाळी गाडी सुरू करताना थोडा वेळ एक सिलिंडर अडखळायचा आणि पांढरा धूर यायचा. अशा स्थितीत गाडी रेटत राहिल्यास हेड वाकते किंवा त्याला चीर जाते आणि खर्च वाढतो. फार दिवस थांबू नका.

जुना_मिस्त्री

सह्यवाट यांची काळजी रास्त आहे, पण त्यांच्या जीपमध्ये जे दोन पुरावे होते, म्हणजे सकाळचा पांढरा धूर आणि अडखळणारा सिलिंडर, ते या गाडीत नाहीत. उलट कोयनाकाठ यांनी एक फार मोलाची गोष्ट लिहिली आहे: बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धवट रिकामा. म्हणजे निदान काही कूलंट गाडीतून नाहीसे झालेले नाही, ते रेडिएटरमधून बाटलीत गेले आणि परत आले नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायला हवा की पाणी कमी होते म्हणून गाडी तापते, की गाडी तापते म्हणून पाणी बाहेर पडते? या दोन आजारांची औषधे वेगळी आहेत आणि हेड उतरवणे हे त्यांपैकी एकाचेच औषध आहे.

रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावते, दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की मोठी झडप उचलली जाते आणि जादा कूलंट बारीक नळीतून बाटलीत जाते. गाडी गार होताना कूलंट आकसते, आत हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, त्यामुळे झाकणाच्या मध्यभागी असलेली छोटी झडप उघडते आणि बाटलीतले कूलंट परत ओढले जाते. ही परतीची वाट बंद होण्याची साधी कारणे पुष्कळ आहेत. छोटी झडप चिकटते, झाकणाचे रबर कडक होते, रेडिएटरच्या मानेचा काठ वाकलेला असतो किंवा बारीक नळीला चीर गेलेली असते आणि मग कूलंटऐवजी हवाच आत ओढली जाते. हेड गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तरीसुद्धा बाहेरून दृश्य अगदी हेच दिसते, कारण तो वायू कूलंटला बाटलीकडे ढकलतो आणि स्वतः रेडिएटरच्या वरच्या भागात जागा अडवून बसतो.

यातला फरक ओळखण्यासाठी सुरुवातीला पैसा लागत नाही. घाट चढून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, झाकण न उघडता, रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताने दाबून पाहा. तो चपटा होऊन आत ओढला गेलेला असेल तर आत निर्वात तयार झाला, पण छोटी झडप उघडली नाही असा अर्थ होतो. तो नेहमीसारखा मऊ असेल आणि तरीही रेडिएटर रिकामा असेल तर कुठून तरी हवा आत येते आहे. गाडी पूर्ण गार असूनही तो ताठ असेल आणि झाकण उघडताना दाब सुटल्याचा आवाज आला, तर आत वायू शिरतो आहे, आणि तेव्हा मात्र हेड गॅस्केट किंवा हेडची चीर यांचा विचार पुढे आणावा लागेल.

झाकणाकडे लोक फार दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलेला असतो तो त्याच्या दाबाचा असतो. समुद्रसपाटीवर साधे पाणी १०० अंशांना उकळते, पण ०.९ बार जादा दाबाखाली तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग थकून झाकण ०.४ बारलाच सुटू लागले तर ही मर्यादा ११०च्या आत येते, घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी असल्याने आणखी दोनेक अंश खाली उतरते, आणि ज्या तापमानाला निरोगी गाडी मुकाट्याने चढत राहिली असती त्याच तापमानाला ही गाडी हेडमधल्या सर्वांत तप्त जागी वाफ करू लागते. वाफ झाली की पाणी बाटलीत फेकले जाते, पाणी कमी झाले की तापमान आणखी चढते. म्हणून हेडला हात लावण्यापूर्वी योग्य दाबाचे नवे झाकण बसवावे आणि जुने प्रेशर टेस्टरवर (दाब देऊन तपासणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्यावे.

बंदरवारा

दोन शंका आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर पाणी अडवणारे काही उरत नाही, मग गाडी गारच राहायला हवी ना? आणि आमच्याकडचे जुने ड्रायव्हर रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकतात. येथे तो उपाय करून पाहण्यासारखा आहे का?

जुना_मिस्त्री

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो अपायकारक आहे. ज्या थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला बायपास (रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी वाट) बंद करणारी चकती असते, तेथे तो काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता इंजिनातच फिरत राहतो. परिणामी सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा गार चालते, डिझेल जास्त लागते, सिलिंडरची झीज वाढते, आणि घाटात मात्र गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापते. संशय असेल तर थर्मोस्टॅट काढून तापमापकासह पाण्यात तापवावा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला आणि पुढे पूर्ण उघडला तर परत बसवावा, नाहीतर नवा घ्यावा. बसवताना त्याची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवावी, कारण अडकलेली हवा तेथूनच निसटते.

हळद किंवा बाजारात मिळणारी गळती थांबवणारी पावडर बारीक छिद्र काही काळ बुजवते हे खरे आहे. पण तोच गाळ रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आडरानात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यासाठी ते केले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु जी गाडी आधीच घाटात तापते आहे, तिच्या रेडिएटरमध्ये आणखी गाळ घालणे म्हणजे दुखणे वाढवणे आहे.

काळी_आई

मी अहिल्यानगर जिल्ह्यातून लिहिते आहे. आमच्याकडे ट्रॅक्टर, पिकअप, जुन्या जीपगाड्या या सगळ्यांत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले जाते आणि आमच्या भागातले ते पाणी अतिशय जड आहे. पाणी तापवायच्या बंबात जसा क्षाराचा थर धरतो तसाच तो हेडमधल्या पाण्याच्या वाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. दादा, तुमच्या गाडीत आजवर कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण होते, की मध्ये कधी नुसते पाणी भरले गेले, हे सांगाल का? कारण सपाटीवर ठीक आणि भार पडल्यावर गरम, हे लक्षण अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरचे आम्ही नेहमी पाहतो. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटला वाहून न्यावा लागतो. घाटात कमी वेगाने, भरल्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबून चढताना हा भाग कितीतरी वाढतो आणि त्याच वेळी समोरून येणारा वारा कमी झालेला असतो. सपाटीवर निम्म्या नळ्यांवरही रेडिएटरचे भागते, घाटात भागत नाही.

रेडिएटर उतरवण्यापूर्वीही याचा अंदाज घेता येतो. गाडी चांगली तापल्यावर इंजिन बंद करून, पंख्यापासून हात लांब ठेवून, दुरून तापमान मोजणारे इन्फ्रारेड यंत्र रेडिएटरच्या जाळीवरून फिरवावे. चांगल्या रेडिएटरमध्ये तापमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सलगपणे उतरत जाते. चोंदलेल्यात मध्येच गार पट्टे सापडतात, कारण त्या नळ्यांतून पाणी वाहतच नाही.

कोयनाकाठ

आपण सर्वांनी इतके बारकाईने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. काळी_आई, ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. मागील मालकाच्या काळात गाडीत साधेच पाणी होते असे आता विचारल्यावर कळले. आम्ही गाडी घेतल्यापासून हिरवे कूलंट वापरतो, पण जुना रेडिएटर तसाच राहिला.

सकाळी वरचा होज पाइप दाबून पाहिला; तो स्पष्टपणे चपटा झाला होता. झाकण फिरवताच आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि पाइप फुगून पूर्ववत झाला. झाकणाची छोटी झडप नखाने उचलून पाहिली, ती तळाशी चिकटलेली होती. नवे झाकण बसवल्यापासून बाटलीतले कूलंट परत आत जाऊ लागले आहे. तरी घाटात काटा अजून चढतो, पूर्वीपेक्षा थोडा कमी. थोडे कूलंट अजूनही घटते असा संशय आहे. पुढे काय करावे?

जुना_मिस्त्री

उत्तम. आता दोन्ही दुखणी वेगळी झाली. उरलेली घट शोधण्यासाठी गार इंजिनावर प्रेशर टेस्टर लावून झाकणाच्या आकड्याइतका दाब द्या आणि पाव तास तसाच ठेवा. काटा उतरला तर विजेरी घेऊन पाहा: होज पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे प्लग, आणि विशेषतः वॉटर पंपाच्या पोटाखालचे छोटे छिद्र. पंपाचे सील झिजले की कूलंट त्या छिद्रातून थेंबाथेंबाने येते, पण गरम इंजिनावर ते लगेच वाळते आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे उरतो तो फक्त हिरवट-पांढरा ओघळ. गाडीत चालकाच्या शेजारच्या पायाखालची चटई ओली लागते का, काचेवर आतून चिकट बाष्प धरते का, हेही पाहा, कारण हीटरची जाळी गळत असेल तर गाडीखाली काहीच दिसत नाही.

घाटातल्या तापण्यासाठी रेडिएटरबरोबर पंख्याचे कपलिंगही (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) तपासावे. त्यातले सिलिकॉन ऑइल गळून गेले की पंखा नुसता सोबत फिरतो, वारा ओढत नाही. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा लगेच थांबायला हवा. तो बराच वेळ मोकळा फिरत राहिला किंवा कपलिंगच्या तोंडाशी तेलकट धूळ जमलेली दिसली तर कपलिंग गेले असे समजावे. पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा घेर जागेवर आहे ना, आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत चिखल आणि गवताची कुसळे भरलेली नाहीत ना, हे कोकणात फिरणाऱ्या गाडीत आवर्जून पाहावे. खालचा होज पाइप जोरात रेस केल्यावर आत ओढला जात असेल तर तोही बदलावा.

सह्यवाट

हे सर्व पटले. तरीही हेड गॅस्केट निर्दोष आहे असे ठामपणे म्हणण्यासाठी एखादी चाचणी करून घ्यावी असे मला वाटते. निळ्या द्रावाची चाचणी आमच्या गावातही आता मिळते.

जुना_मिस्त्री

अवश्य करावी, पण डिझेलच्या बाबतीत तिची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या निळ्या द्रावातून ओढली जाते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो. पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेल गाडीत साधारणतः हिरवा. डिझेल इंजिन नुसते उभ्याने चालू असताना भरपूर हवा आणि अगदी थोडे इंधन घेते, त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो. म्हणून गॅरेजच्या दारात गाडी उभ्याने चालू ठेवून केलेल्या चाचणीत रंग बदलला नाही, तर त्यावरून गॅस्केट चांगले आहे असा निष्कर्ष काढू नये. गाडी चढावर भाराने चालवून आणावी, झाकण सुरक्षितपणे उघडण्याइतकी गार होऊ द्यावी आणि मग चाचणी घ्यावी. द्रावात कूलंट ओढले जाणार नाही याचीही काळजी घ्यावी, नाहीतर रंगाला अर्थ उरत नाही.

बुडबुड्यांची जुनी चाचणीही चांगली आहे. गार इंजिनावर वॉटर पंपाचा पट्टा सोडवावा, रेडिएटर काठोकाठ भरावा आणि इंजिन जेमतेम मिनिटभर चालवावे. पंप फिरत नसल्यामुळे पाणी स्थिर असते, म्हणून सतत येणारे बुडबुडे हे सहसा गॅस्केटकडूनच येतात. सुरुवातीला निघून जाणारी अडकलेली हवा त्यात धरू नये. ज्या गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, त्यांत पट्टा काढल्यावर ब्रेकची मदत बंद होते, म्हणून त्या अवस्थेत गाडी जागची हलवू नये.

सह्यवाट यांच्या जीपसारखी लक्षणे कोणाला दिसली तर एक सूचना. सिलिंडरमध्ये पाणी उतरत असल्याचा संशय असेल तेव्हा स्टार्टर मारू नये. डिझेलची ज्वलनाची जागा फार लहान असते, पाणी दाबले जात नाही, आणि त्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी ग्लो प्लग (गार इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग) काढून, भोकांसमोर तोंड न नेता, इंजिन फिरवावे. ज्या सिलिंडरमधून पाणी उडेल तो दोषी.

कोयनाकाठ

सर्व तपासण्या वेगळ्या गॅरेजमध्ये, समोर उभा राहून करून घेतल्या. घाट चढून आल्यावर घेतलेल्या चाचणीत द्राव निळाच राहिला आणि पट्टा सोडवून पाहिल्यावरही बुडबुडे आले नाहीत. प्रेशर टेस्टरचा काटा मात्र हळूहळू उतरला आणि वॉटर पंपाच्या छिद्राखाली हिरवा ओघळ सापडला. पंखा निर्दोष आहे. इन्फ्रारेड यंत्राने रेडिएटरच्या खालच्या भागात रुंद गार पट्टे दाखवले. रेडिएटर पितळी टाक्यांचा असल्यामुळे रेडिएटरवाल्याने टाकी उकलली, तेव्हा खालच्या कितीतरी नळ्यांची तोंडे तांबूस-पांढऱ्या थराने बुजलेली दिसली. रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणे) करून घ्यावे की नळ्यांची नवी जाळी बसवावी?

काळी_आई

दादा, नळ्या सळईने साफ केल्याने वाट मोकळी होते, पण इतक्या जुन्या जाळीत नळीची भिंत पातळ झालेली असते आणि साफ करताना ती फुटण्याची शक्यता असते. शिवाय नळ्यांना जोडलेल्या बाहेरच्या पातळ पट्ट्या जुन्या जाळीत सैल झालेल्या असतात, त्यामुळे आतून स्वच्छ होऊनही उष्णता पूर्वीइतकी बाहेर जात नाही. टाक्या चांगल्या असतील तर नवी जाळी घालून घ्या. मात्र त्याआधी ब्लॉक आणि हेड उलट दिशेने पाणी सोडून धुऊन घ्या, नाहीतर तिथला सुटलेला गाळ नव्या नळ्यांत येऊन बसेल.

जुना_मिस्त्री

सहमत. वॉटर पंप नवाच बसवावा आणि त्याच खोलाखोलीत होज पाइप व थर्मोस्टॅटही बदलावेत. भरताना कूलंट आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. कूलंट फक्त गोठू नये म्हणून असते हा समज आपल्या हवामानात त्याला घरी बसवतो. प्रत्यक्षात त्यातली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे हेड आणि पंप यांचे रक्षण करतात आणि निम्मे मिश्रण उघड्यावरही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. हिरव्यात लाल कूलंट मिसळू नये.

भरताना गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर करा, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत होज पाइप अधूनमधून दाबत राहा. आत हवा अडकली तर तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा खालीच दाखवतो. म्हणून घाटात काटा चढून अचानक खाली आला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर सुटकेचा निःश्वास न टाकता तिथेच बाजूला थांबावे. पाणी संपल्याची ती खूण असते. काटा नुसता चढत असेल आणि पाणी शाबूत असेल तर एसी बंद करून हीटर व त्याचा पंखा पूर्ण सोडावा, खालचा गिअर घ्यावा, सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि थोडा वेळ इंजिन चालूच ठेवावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण या घाईत हेडला चीर जाऊ शकते.

कोयनाकाठ

नवी जाळी, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज पाइप आणि आपण सांगितलेल्या प्रमाणात कूलंट, एवढे काम झाले. ब्लॉक धुताना बराच वेळ गढूळ पाणी येत होते. त्यानंतर भर दुपारी, पूर्ण भरलेल्या गाडीने, एसी चालू ठेवून कुंभार्ली घाट चढलो. काटा निम्म्याच्या खाली जिथे असतो तिथून हलला नाही. सकाळी रेडिएटर काठोकाठ होता आणि बाटली दोन रेषांच्या मध्ये. हेड अजून उघडलेले नाही.

बाटलीवर पातळीची खूण करून ठेवली आहे आणि दर आठवड्याला, गाडी गार असताना, ती पाहतो आहे.

जुना_मिस्त्री

पहिले काही दिवस पातळी किंचित उतरेल, कारण उरलेली हवा निघून जात असते. तेवढे मिश्रण बाटलीत भरा. त्यानंतरही ती उतरत राहिली तर प्रेशर टेस्टर पुन्हा लावा, आणि नव्या होज पाइपांच्या क्लिपा एकदा गरम-गार झाल्यावर आवळून घ्या.